शिफारसकर्ते परुळेकर

परुळेकर सरांना हाताने लिहिता येत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल, पण मी त्यांना लिहिताना पाहिलं ते फक्त लाल पेन्सिलीने, आणि तेही दुसऱ्यांच्या चुकांखाली. बाकी सगळं ते टाइप करत. वाण्याची यादी टाइप. दूधवाल्याला 'उद्या दूध नको' ही चिठ्ठी टाइप, तारीख, विषय आणि 'आपला विश्वासू' यांसकट. दूधवाल्याला वाचता येत नव्हतं. तो चिठ्ठी घेऊन खाली चक्कीवाल्याकडे जाई आणि चक्कीवाला ती त्याला मोठ्याने वाचून दाखवी.

घाटकोपरला, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर, पिठाच्या चक्कीच्या वर पहिल्या मजल्यावर सरांचा टायपिंगचा क्लास होता. पाटीवर त्यांच्या आईचं नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे 'चक्कीवरचा क्लास' म्हणत. लांबट खोलीत तीस मशिनं, आणि त्यांच्यावर रोज सकाळी पिठाचा एक हात बसलेला. सरांच्या भुवयाही पिठाने पांढुरक्या असत, त्यामुळे ते पन्नाशीचे आहेत की साठीचे हे कळायला मार्ग नव्हता. मी तिथे टायपिंगची सरकारी परीक्षा पास झाल्यावर शिकवायला लागले. बरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून लागले आणि सहा वर्षं काढली. सर मला पहिल्या दिवसापासून 'राणेबाई' म्हणत. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

सर एकटे होते. लग्न का केलं नाही असं शेजारच्या बायका अधूनमधून विचारत. "राहून गेलं," असं ते सांगत, रिबन आणायची राहून गेली हे ज्या सुरात सांगत त्याच सुरात. जेवण खानावळीतलं, झोपणं क्लासमागच्या माळ्यावर, आणि करमणूक म्हणजे रद्दीतून विकत आणलेली जुनी परदेशी मासिकं.

शिकवण्याची त्यांची रीत कडक होती. मुलीची नजर बोटांवर गेली की तिच्या हातांवर पंचा टाकायचे आणि पंच्याखालून टाइप करायला लावायचे. एरवी शुद्ध बोलणारे सर चिडले की थेट मालवणीत उतरत. "खाली काय बघतंस गो? अक्षरां खंय पळान जावची नाय!" सगळा क्लास हसे, ती मुलगीही हसे, आणि महिन्याभरात खाली बघेनाशी होई.

त्या वर्षांत आमच्याकडे बहुतेक मुलीच होत्या. गिरण्यांच्या संपानंतर बाप घरी बसलेले, भाऊ कुठे कुठे चिकटण्याच्या खटपटीत, आणि आईने मंगळसूत्र ठेवून नाहीतर पापड लाटून मुलीची फी भरलेली. मुलगी पास व्हायची, प्रमाणपत्र घ्यायची, रोजगार कचेरीत नाव नोंदवायची आणि मग वर्षानुवर्षं ते कार्ड नवं करत राहायची. सरांनी भिंतीवर पास झालेल्यांची यादी लावली होती. कोणाला नोकरी लागली की नावापुढे टिंब. टिंबं इतकी कमी होती की नव्या मुलींना तो माश्यांचा प्रताप वाटे.

"पास केली हे माझं काम झालं," सर म्हणायचे. "पुढचं काम कोणाचं, राणेबाई?"

"सरकारचं," मी म्हणायचे, कारण ते उत्तर सगळ्यात सोपं होतं.

आणि काय सांगावं, एके दिवशी सरकारच क्लासात आलं. म्हणजे एका सरकारी खात्याचा शिपाई आला, हातात एक परिपत्रक घेऊन. खात्याचा टायपिस्ट रजेवर होता आणि प्रती काढण्यासाठी त्याचं स्टेन्सिल तातडीने टाइप करून हवं होतं. असलं काम सर स्वतः करत. नेहमी ते मजकुराचा अर्थ मनात न घेता खटाखट टाइप करायचे, तेच त्यांच्या वेगाचं मर्म होतं. त्या दिवशी मात्र अर्ध्यात थांबले. मी दचकून वर पाहिलं, कारण सरांचं मशिन मध्येच थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

परिपत्रकात बक्षीस योजना होती. जो नागरिक परदेशी उद्योजकाला राज्यात कारखाना काढायला प्रवृत्त करील, त्या 'शिफारसकर्त्याला' कारखाना सुरू होऊन ठरावीक लोकांना नोकऱ्या लागल्यावर सरकार रोख बक्षीस आणि सन्मानपत्र देईल. आता अशी योजना कोणासाठी असते हे कोणालाही कळतं. ज्यांचे मेहुणे लंडनला असतात त्यांच्यासाठी. पण सरांना तसं काही कळलं नाही.

"नागरिक लिहिलंय," ते म्हणाले. "मी नागरिक आहे ना?"

"आहात, सर."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या क्लासातले वेगाच्या सरावाचे उतारे बदलले. पुस्तकातले वसंत ऋतू आणि ताजमहाल गेले आणि त्यांच्या जागी सरांनी रचलेलं एक इंग्रजी पत्र आलं. परदेशी कंपनीच्या मालकास, सादर विनंती, आमच्या उपनगरात कारखाना काढावा. तीस मुली रोज तेच पत्र बडवू लागल्या. पत्ते सर रद्दीतल्या मासिकांच्या जाहिरातींतून काढत. पत्रात त्यांनी सगळं खरं लिहिलं होतं. वीज जाते, पण येते. पाणी सकाळी सहा ते आठ. मुली कष्टाळू आहेत, वेळेवर येतात आणि नजर खाली घालत नाहीत. मी म्हटलं, "सर, नजर खाली घालत नाहीत याचा परदेशात भलताच अर्थ होईल." ते म्हणाले, "टायपिंग येणाऱ्याला बरोबर कळेल."

पत्रं गेली आणि उत्तरं येऊ लागली, त्यामुळे पोस्टमन आमच्याकडे आदराने बघायला लागला. एका कंपनीने कॅलेंडर पाठवलं. दुसरीने शिलाई यंत्राच्या तेलाची बाटली पाठवली, ती सरांनी मशिनांच्या सरकत्या कॅरेजना घातली आणि चांगली निघाली. तिसरीने कळवलं की आपण वर्णन केलेल्या परिस्थितीबद्दल आम्हाला सहानुभूती वाटते. सर प्रत्येक पत्राला पोच देत. चक्कीवाला जिन्याखालून ओरडे, "काय सर, आली का फॅक्टरी?" आणि सर गंभीरपणे सांगत, "पत्रव्यवहार चालू आहे."

पुढे जे घडलं ते माझ्या चुकीमुळे. रीत अशी होती की मुलींचे सरावाचे कागद सर तपासायचे, लाल पेन्सिलीने चुका दाखवायचे आणि ते कागद रद्दीत जायचे. पाकिटात जायची ती मी टाइप केलेली स्वच्छ प्रत. एका शनिवारी मी घाईत होते, मला बघायला बोरीवलीची मंडळी येणार होती. त्या घाईत एका पाकिटात नंदा साळवीचा सरावाचा कागद गेला. नंदा आमची सगळ्यात चपळ मुलगी, आणि सगळ्यात तोंडाळ. कागदावर तीन ठिकाणी लाल रेघा आणि खाली सरांचा इंग्रजीत शेरा : वेग बावन्न, चुका तीन, बरं आहे, यापेक्षा चांगलं येतं तुला.

बोरीवलीच्या मंडळींकडून नकार आला. डेन्मार्ककडून होकार आला.

तिथला एक कारखानदार टेलिफोनमधली बारीक कॉइल्स बनवत असे. त्याने लिहिलं होतं की आजवर त्याला शेकडो कंपन्यांची पत्रं आली, पण स्वतःच्या चुका मोजून, त्यांखाली रेघ मारून पाठवणारी ही पहिलीच. अंधेरीला निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत आहे, तिथे जागा बघायला तो येणारच होता. आपला क्लास बघता येईल का? ते पत्र वाचल्यावर माझी चूक सरांना कळली. मला वाटलं आता पंचा माझ्या हातांवर येतो. सरांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "राणेबाई, यापुढे पाकिटं मी भरीन."

साहेब आला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. एवढा उंच माणूस की जिन्याच्या कमानीत त्याने दोनदा डोकं आपटलं. सर इंग्रजी बोलत ते टाइप केल्यासारखं, स्वल्पविरामाला थांबत. त्यांनी त्याला कोकम सरबत दिलं, खुर्ची दिली, आणि क्लास सुरू करायची खूण केली. दोन मिनिटं झाली असतील नसतील तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, दिवे गेले, खालची चक्कीही बंद पडली. पिठामुळे खिडक्या लावलेल्या, त्यामुळे खोलीत अंधुक उजेड. मला वाटलं, वाट लागली. पण मशिनांना वीज कुठे लागत होती? एकही मुलगी थांबली नाही. एरवी चक्कीच्या घरघरीत बुडून जाणारा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला स्वच्छ ऐकू आला. साहेब उठला, रांगेतून हळूहळू फिरला आणि नंदाच्या मागे उभा राहिला. तो कागद बघत नव्हता, तिची बोटं बघत होता.

वर्षभरात अंधेरीला कारखाना उभा राहिला, आणि साहेबाने सरांना पत्र लिहून पहिल्या तुकडीसाठी सोळा मुली मागितल्या. सर पेढे घेऊन आले. मग त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. साहेबाला टायपिस्ट नको होत्या. केसाएवढी तार कॉइलवर गुंडाळायला न बघता चालणारी बोटं हवी होती.

"तारा गुंडाळायला?" सर म्हणाले. "मी यांना ऑफिससाठी तयार केलंय. टेबल-खुर्चीसाठी."

"सर, खुर्ची तिथं पण आहे," नंदा म्हणाली. "आणि टायपिस्टपेक्षा पगार जास्त. महिन्याच्या महिन्याला हातात पडतो ना, मग तार काय आणि रिबन काय!"

"तुझं बावन्नचं स्पीड आहे गो."

"मग साहेबाला बावन्नच्या स्पीडनं गुंडाळून देते ना."

सर त्या दिवशी जेवायला खानावळीत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा टेबलावर सोळा शिफारसपत्रं टाइप करून ठेवलेली होती, सोळाही वेगवेगळी. एकीबद्दल लिहिलं होतं की ती आजारी आईचं सगळं करून पावणेसातला क्लासात हजर असते. दुसरीबद्दल, की ती हळू आहे पण तिच्या कागदावर लाल पेन्सिल लागत नाही. आम्ही त्यांना ओळखतच नव्हतो असं मला ते वाचताना वाटलं. भिंतीवरच्या यादीत त्या महिन्यात सोळा टिंबं एकदम पडली.

आता ही गोष्ट इथे संपायला हवी होती, पण योजनेची गंमत पुढेच आहे. सोळा मुली गेल्याचं कळल्यावर उरलेल्यांचं टायपिंगवरून मन उडालं. आया फी मागे घ्यायला येऊ लागल्या. टायपिंग कशाला, पोरीला सरळ अंधेरीला लावा की! शिवाय शहरात आता विजेवर चालणारी मशिनं येऊ लागली होती आणि ऑफिसं तीच मागत. वर्ष सरता सरता तीस मशिनांवर सात मुली उरल्या. चाळमालक भाडं वाढवायला टपलेला. सरांनी आयुष्यभर ज्याची खटपट केली त्या नोकऱ्या आल्या, आणि त्यांनीच सरांच्या क्लासाला घरघर लावली.

एकच मार्ग होता, ते बक्षीस. त्या पैशांत सहा नवी मशिनं येतील आणि क्लास पुन्हा उभा राहील असा हिशेब सरांनी टाइप करून मला दाखवला होता. म्हणून आम्ही फोर्टातल्या त्या सरकारी कचेरीच्या खेपा सुरू केल्या. मी साक्षीदार म्हणून. साहेब तुमच्याच पत्रामुळे आला कशावरून, असा पहिला प्रश्न. साहेबाने नंदाचा तो लाल रेघांचा कागद जपून ठेवला होता, त्याची प्रत मागवली. ती तीन टेबलांवरून फिरली, आणि प्रत्येक टेबलाने विचारलं की या तीन चुका कोणी केल्या. अखेर आठ महिन्यांनी फाइल साटम नावाच्या कारकुनाकडे पोहोचली. साटम कणकवलीकडचे, भला माणूस. सरांना बघून उठून उभे राहिले.

"परुळेकर, मंजूर झाल्यात जमा आहे. एवढा एक फॉर्म भरा की महिन्याभरात चेक."

फॉर्म छापील होता. शिफारसकर्त्याने कारखान्यात आपली माणसं चिकटवून वर बक्षीसही घेऊ नये म्हणून सरकारने दक्षता घेतली होती. कंपनीने कळवलेली सोळा नावं जोडलेली होती आणि खाली ओळ होती : सदर व्यक्तींशी माझा कोणताही संबंध नाही.

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"कोणताही, असं आहे इथे."

"छापलेलं असतं हो," साटम म्हणाले. "सही करा आणि मोकळे व्हा."

"'कोणताही' खोडून 'रक्ताचा' करा. मी सही करतो."

"छापील फॉर्मातला शब्द मी कसा खोडू? माझी नोकरी जाईल."

"पण संबंध आहे."

साटमांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, त्या तुमच्या कोणी लागतात का? नाही ना? मग नाही लिहायला काय जातंय? कोण बघायला येतोय?"

मी सरांचा सदरा ओढला. "सर, करा ना सही. सहा मशिनं येतील. क्लास राहील." मला खरंच रडू यायला लागलं होतं. त्या क्लासाशिवाय सर काय करतील हे मला दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी काय करीन हेही दिसत नव्हतं.

"राणेबाई, बसा," सर म्हणाले.

साटमांनी फॉर्म उलटला. मागे दुसरा भाग होता. "संबंध असेल तर मग नातं लिहावं लागतं. हे बघा. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर. 'इतर' टाकू? वर विचारून बघतो, 'इतर'चं काही जमलं तर."

सरांनी रकाने एकेक करून वाचले.

"इतर नको," ते म्हणाले. "मुलगी लिहा."

"कोणती?"

"यादी आहे ना समोर."

साटमांनी यादीवरून बोट फिरवलं. "सोळाही?"

"सोळाही."

"अहो परुळेकर, आडनावं वेगळी आहेत हो!"

"मुलींची असतातच," सर म्हणाले.

साटमांनी पेन खाली ठेवलं. मग मान खाली घालून सोळा वेळा 'मुलगी' लिहिलं आणि सरांपुढे सहीला केलं. मला सरांचा इतका राग आला होता की परतताना मी त्यांच्याशी बोलले नाही. आठवडाभर बोलले नाही. एका शब्दासाठी सहा मशिनं घालवणारा माणूस शहाणा नसतो असं मला तेव्हा वाटत होतं. आजही कधी कधी वाटतं.

पंधरा दिवसांनी खात्याचं उत्तर आलं, जावक क्रमांक आणि शिक्क्यासकट. आपल्या सोळा मुली सदर कारखान्यात नोकरीस असल्याचे आपण स्वतः नमूद केले आहे, सबब आपण योजनेखालील बक्षिसास व सन्मानपत्रास अपात्र आहात. सरांनी ते दोनदा वाचलं आणि खाली उतरून फ्रेमवाल्याकडे गेले.

चार महिन्यांत क्लास बंद झाला. मशिनं एका भंगारवाल्याने आणि एका शाळेने वाटून घेतली. मला मुलुंडच्या एका वकिलाकडे काम मिळालं. सर गावी परुळ्याला जायला निघाले, त्या सकाळी सामानाला टेम्पो बोलावला होता. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी, रद्दीची मासिकं आणि त्यांचं स्वतःचं मशिन. तेवढ्यासाठी आठ मुली आल्या होत्या. नंदाने मशिन एकटीने उचललं आणि बाकीच्यांना वाट सोडायला सांगत जिना उतरली. खाली एकच गोंधळ. एक सरांच्या हातात डबा कोंबते आहे, दुसरी पोचल्याचं पत्र टाका म्हणून दम देते आहे, तिसरी नुसतीच डोळे पुसते आहे. सर टेम्पोत पुढे बसले, फ्रेम मांडीवर.

टेम्पोवाला नवखा होता. त्याने आरशातून मागे पाहिलं. "काका, या सगळ्या कोण तुमच्या?"

सरांनी फ्रेम त्याच्यापुढे धरली. त्याने शब्दाशब्दाला अडखळत ती वाचली, जावक क्रमांकापासून. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मुली मोजल्या.

"यात सोळा लिहिलंय. इथं तर आठच आहेत."

"बाकीच्यांची सकाळची शिफ्ट आहे," सर म्हणाले.